क्लच घसरतो की किक? डर्ट बाइकचे झाकण उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

किक मारताना इंजिनाचा दाब पायाला जाणवेनासा झाला, की बहुतेक जण किकचे सामान विकत घ्यायला थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पोहोचतात. त्याआधी दोष नेमका कोठे आहे हे ठरवावे, कारण बहुतेक डर्ट बाइकमध्ये क्लच आणि किक इंजिनाच्या एकाच झाकणामागे असतात आणि एकाचा दोष सहज दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

काही इंजिनांत किकचे बळ गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून क्लच हबमध्ये, म्हणजे क्लचच्या आतल्या भागात, आणि तेथून क्लचच्या प्लेटांमार्फत क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचते. अशा गाडीत प्लेटा झिजल्या, तर किक निर्दोष असूनही हलकी लागते. प्रायमरी किक असलेल्या इंजिनांत मात्र किक क्लचच्या बाहेरच्या हाऊसिंगला फिरवते, त्यामुळे प्लेटांचा त्यात संबंध नसतो. किक ठीक असताना गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबूनही सुरू होत असेल, तर ती प्रायमरी किक होय.

त्यानंतर क्रँकच्या बोल्टवरचे लहान झाकण काढावे आणि कोणालातरी हळूहळू किक मारायला सांगून बोल्ट फिरतो का ते पाहावे. बोल्ट फिरत असूनही दाब नसेल, तर दोष व्हॉल्व्ह किंवा पिस्टनकडे आहे आणि क्लचचे झाकण उघडण्यात अर्थ नाही. बोल्ट फिरत नसेल, तर आधी बाहेरचे तपासावे: किकच्या दांड्याचा बोल्ट सैल आहे का, त्याचे दाते झिजले आहेत का, आणि क्लच केबलला लिव्हरच्या मुळाशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर मोकळीक आहे का. केबल जास्त ताणलेली असेल, तर चांगल्या प्लेटासुद्धा घसरतात.

झाकण उघडायचेच ठरले, तर पार्किंगमधली छपराखालची, वाळू-धूळ नसलेली जागा निवडावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि ऑइल काढावे. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. झाकण चिकटले असेल, तर रबरी हातोडीने हलके ठोकावे, पण फटीत स्क्रू ड्रायव्हर मुळीच घालू नये, कारण ॲल्युमिनियमवर उमटलेल्या ओरखड्यातून पुढे ऑइल झिरपत राहते.

क्लचच्या स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे सैल करावेत आणि प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडाव्यात. फ्रिक्शन प्लेटची (घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटची) जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजून ती सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडावी. लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिचा बाक तपासावा. तिला निळसर झाक असेल, तर ती तापलेली आहे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून रांगत चालवलेल्या गाडीत हे वारंवार आढळते. हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटांनी खोल खाचा पाडल्या असतील, तर कानशीने घासण्यात वेळ न दवडता हाऊसिंग बदलावे. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर ऑइलमध्ये भिजवाव्यात, आणि ते ऑइल जासो एमए किंवा एमए2 (मोटरसायकल ऑइलचे जपानी मानक) दर्जाचेच असावे. कारच्या अनेक ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच घसरवतात.

किकच्या कामात खरा धोका परतीच्या स्प्रिंगचा आहे. ती ताणलेली असते, म्हणून डोळ्यांवर गॉगल लावून, पक्कडीने घट्ट धरूनच तिचे टोक सोडावे. रॅचेटच्या (एकाच दिशेने पकड घेणाऱ्या दातेरी चाकाच्या) दात्यांच्या कडा गोल झाल्या असतील, तर किक सटकण्याचे कारण तेच. शाफ्ट आणि रॅचेटवर ठिपक्यांच्या खुणा असतील, तर त्या जुळवूनच जोडणी करावी. काही इंजिनांत किकचा शाफ्ट काढण्यासाठी क्रँककेस (इंजिनाचे खालचे मुख्य कवच) दुभंगावी लागते. तसे असेल, तर घरी इथेच थांबून काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाकण बसवताना पॅकिंग आणि किक शाफ्टचे ऑइल सील नवेच घालावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण 10 न्यूटन मीटर पुरते. त्याहून जोर लावल्यास आटे जातात. नवे ऑइल भरल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, किक हाताने सावकाश दाबून ती पूर्ण परत येते ना ते पाहावे आणि मग केबलची मोकळीक पुन्हा जुळवावी. काढलेले ऑइल गटारात ओतू नये, कारण पावसाळी गटारांतून ते मिठी नदीत किंवा थेट समुद्रात पोहोचते. ते डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. पहिल्या फेरीनंतर किकच्या दांड्याचा बोल्ट पुन्हा एकदा आवळावा.