लस टोचूनही जनावर आजारी पडतं? या चुका टाळा

लस टोचली की जनावर त्याच दिवशी सुरक्षित झालं, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. मानेत टोचलेल्या लसीतले कण तिथल्या डेंड्रायटिक पेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) गिळतात, त्यांचे तुकडे स्वतःच्या अंगावर बाळगत खांद्यापुढच्या लसिका ग्रंथीत पोचतात आणि टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पेशींना) दाखवतात. ओळख पटलेल्या टी पेशी बी पेशींना कामाला लावतात, मग त्यांच्यापासून प्रतिपिंडं (जंतूंना निकामी करणारी प्रथिनं) तयार होतात. या सगळ्याला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून साथ शेजारच्या गोठ्यात येण्याची वाट पाहू नका.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवा. उष्णतेची काळजी सगळे घेतात, गोठण्याची कुणी घेत नाही. कुपी थेट बर्फाला टेकवली की तेलयुक्त लस फुटून तेल-पाणी वेगळं होतं. हलवून ती पूर्ववत दिसली तरी वापरू नका. जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसीसाठी स्पिरिटने धुतलेली सिरिंज वापरली, तर लसीतले जंतू तिथेच मरतात.

वासरांच्या बाबतीत घाई नडते. गाईची प्रतिपिंडं वारेतून वासरात जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन-चार तासांत सुमारे ३ लिटर चीक पाजा. २४ तासांनंतर आतडं चिकातली प्रतिपिंडं शोषत नाही. पण हीच प्रतिपिंडं लवकर टोचलेली लस निकामी करतात, वासराच्या पेशींना ओळख पटूच देत नाहीत. त्यामुळे लेबलवरचं वय पाळा. पहिल्यांदा लस घेणाऱ्या वासराचा बूस्टर (दुसरा डोस) साधारण ३ ते ४ आठवड्यांनी असतो. तो चुकवला तर स्मृतिपेशी (जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तोकड्या राहतात आणि संरक्षण लवकर ओसरतं.

डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असताना लसीकरण पुढे ढकला, कारण ते रोगाशी लढणाऱ्या याच पेशींना दाबतं. तापाने फणफणलेल्या जनावराला लस द्यायलाही थांबा.

टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ आली तर घाबरू नका, पेशी तिथे गोळा झाल्या आहेत. ती चोळू नका, फोडू नका. मात्र टोचल्यावर अर्धा तास जनावरापाशी थांबा. पापण्या सुजल्या, धाप लागली, तोल गेला तर ती ॲलर्जी. पशुवैद्यकाला लगेच बोलवा, ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जी आवरणारं औषध) द्यावं लागतं.