मोठेपणी कॅथलिक व्हायचंय? पहिल्या भेटीपासून पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीपर्यंत

'फादर, मला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घ्यायचाय, येत्या रविवारी होईल का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येतं. त्यात नकार नसतो. तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार आईवडिलांच्या विश्वासावर होतो. मोठ्या माणसाने मात्र स्वतः मागायचं, शिकायचं, पारखून घ्यायचं आणि मग पुढे यायचं, असा चर्चचा नियम आहे. वयाची सात वर्षं पूर्ण झाली की या बाबतीत माणूस 'मोठा' धरला जातो. त्यासाठीचा टप्प्याटप्प्याचा दीक्षाविधी रोमने १९७२ साली नव्याने घालून दिला आणि आज जगभर तोच चालतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली झालेल्या नाशिक धर्मप्रांतात (तिथल्या बिशपांच्या हद्दीत) येतात. आपल्याकडे चर्चं लांब लांब आहेत, त्यामुळे आधी आपला धर्मग्राम (आपल्या भागाचं चर्च) कोणता ते विचारा आणि शक्यतो तिथेच जा. रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्या संपल्या फादरांना गाठू नका. त्यांना पुढच्या गावी दुसरी मिस्सा असते. आठवड्यातला दिवस ठरवून घ्या.

पहिल्या भेटीला कागद लागत नाहीत, पण एक गोष्ट त्याच दिवशी सांगून टाकावी: लग्नाची. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात, आणि अडतात त्या शेवटच्या महिन्यात. नवराबायको दोघंही बिगरख्रिस्ती असताना झालेलं लग्न चर्च खरं मानतं. एकाने स्नानसंस्कार घेतला म्हणून पुन्हा लग्न लावावं लागत नाही. पण घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालं असेल, पहिली बायको माहेरी असून दुसरी घरात असेल, किंवा जोडीदाराचं आधीचं लग्न मोडलेलं असेल, तर प्रकरण बिशपांच्या कार्यालयाकडे जातं आणि निकालाला महिने लागतात. हे लपवून वर्षभर शिकवणीला बसलेला माणूस पास्काच्या तोंडावर थांबवला जातो आणि मग चिडतो. चूक त्याची एकट्याची नसते, त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न, आधी बाप्तिस्मा झालाय का? खानदेशात अलायन्स मिशनची जुनी प्रोटेस्टंट मंडळी आहेत, त्यांच्यातून येणारे बरेच. पाणी आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' हे शब्द वापरून झालेला बाप्तिस्मा चर्च मान्य करतं, तो पुन्हा द्यायचा नसतो. अशा माणसाने दाखला आणायचा, शिकवणी घ्यायची, पापांगीकार (फादरांसमोर पापांची कबुली) करायचा. मग विश्वासाची कबुली, दृढीकरण (तेल लावून विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर). दाखला नसेल तर त्या वेळी हजर असलेल्या माणसाची लेखी साक्ष चालते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथात पाण्याचा बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून तिथून येणाऱ्याला स्नानसंस्कार घ्यावाच लागतो.

आता टप्पे. पहिला चौकशीचा. यात बांधिलकी काहीच नाही. मिस्सेला बसा, शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं चरित्र) वाचा, प्रश्न विचारा, पटलं नाही तर उठून जा. मनाची तयारी झाली की स्वीकारविधी होतो. तुम्हाला चर्चच्या दारात उभं करून विचारतात, देवाच्या मंडळीकडे काय मागता? मग कपाळावर क्रुसाची खूण करतात. कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही करता येते. इथून तुम्ही दीक्षार्थी. हा पोकळ किताब नव्हे. दीक्षार्थी वारला तर त्याला ख्रिस्ती अंत्यविधीचा हक्क असतो.

दीक्षार्थीचा काळ किती, याला ठरावीक आकडा नाही. निदान एक पूर्ण उपासना-वर्ष धरून चाला, म्हणजे नाताळ, प्रायश्चित्तकाळ (पास्काआधीचे उपवासाचे दिवस), पास्का हे सगळं एकदा डोळ्यांखालून जातं. शिकवणी कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) किंवा सिस्टर घेतात: विश्वासांगीकार, सात संस्कार, दहा आज्ञा, प्रार्थना. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पाठ झालं म्हणजे तयारी झाली असं नाही. घरी अहिराणी, पावरी किंवा मावची बोलणाऱ्याने छापील मराठीतला अर्थ आपल्या बोलीत सांगून दाखवावा. कळलंय की घोकलंय ते तिथेच उघडं पडतं.

याच काळात घरातले प्रश्न निघतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पितरांची घागर कोण भरणार? कानबाई देवीच्या रोटांना बसायचं का? आमचं मत स्पष्ट आहे. भाऊबंदांसोबत पंगतीला बसणं वेगळं आणि पूजेला स्वतः बसणं वेगळं. स्नानसंस्कारात माणूस एकाच देवाची कबुली देतो, म्हणून दुसरं सोडावं लागतं. पण ते सांगायचं थोरल्यांना आधी, शांतपणे, सणाच्या सकाळी नव्हे. पितरांची आठवण मात्र सुटत नाही. २ नोव्हेंबरला चर्च सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतं, घरच्या माणसांना त्यावेळी बोलवावं.

स्नानसंस्काराला सोबत उभे राहणारे धर्मपिता किंवा धर्ममाता लवकर शोधा. एक पुरे, दोन हवे असतील तर एक पुरुष, एक बाई. वय १६ पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद घेतलेला, आणि तुमचे आईवडील नव्हेत. मुंबईचा श्रीमंत ओळखीचा पाहू नका, दर रविवारी शेजारच्या बाकावर दिसेल असा माणूस पाहा. नाव बदलण्याची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं की झालं. सुनील सुनीलच राहू शकतो.

शेवटचा टप्पा प्रायश्चित्तकाळाचा. २०२७ साली राखेचा बुधवार, म्हणजे या काळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे. पहिल्या रविवारी, १४ फेब्रुवारीला, निवडीचा विधी. नावं वहीत चढतात, बहुधा बिशपांसमोर. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी, म्हणजे २८ फेब्रुवारी, ७ व १४ मार्चला, आत्मपरीक्षणाचे विधी. त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजर यांची वाचनं असतात. पास्काजागरण २७ मार्चच्या रात्री.

नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या कुटुंबांची अडचण इथेच. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली टोळी उन्हाळा लागल्यावर परतते आणि नेमका हाच काळ हुकतो. उचल घेण्याआधी फादरांना सांगा. गरज असेल तर हे विधी नेहमीच्या काळाबाहेर घेण्याची सोय विधीतच आहे. तेव्हाही निवड सुमारे सहा आठवडे आधी व्हावी. तिकडे पडावावरच उरकून घेऊ, असं मात्र करू नका. गुजरातेत धर्मांतराबाबत २००३चा कायदा आहे, मध्य प्रदेशात २०२१चा. मध्य प्रदेशात ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवावं लागतं. आपल्या राज्यात त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, तेही वकिलाकडून पाहून घ्या.

कागदांचं आणखी एक, आणि हे स्नानसंस्काराआधी समजून घ्यायचं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा, ती वारसा खुला होताना हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेवरचा हक्क जातो. अर्ज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहा. संस्काराला फी नसते. आणि त्याबदल्यात कोणी नोकरी, शाळेतला प्रवेश किंवा कर्जमाफी देऊ करत असेल, तर तिथूनच मागे फिरा.

जागरणाची रात्र लांबते, दोन-तीन तास धरा. अंगणात विस्तव, त्यावरून पेटलेली मोठी पास्का मेणबत्ती, मागून अंधाऱ्या चर्चमध्ये एकेक ज्योत. पातळ मेण बोटांवर उतरतं, म्हणून मेणबत्तीला जाड पुठ्ठ्याची चकती लावा. वाचनं झाल्यावर संतांची लितानी (त्यांची नावं घेत केलेली प्रार्थना), पाण्याला आशीर्वाद, सैतानाचा त्याग, विश्वासाची कबुली. मग डोक्यावर तीनदा पाणी. पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे, म्हणून बायकांनी अंबाडा, पिना, गजरा काढून ठेवावा. टॉवेल धर्ममातेच्या हातात. पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती, आणि लगेच कपाळावर क्रिस्म या (बिशपांनी आशीर्वादित केलेल्या) तेलाने दृढीकरण. मोठ्यांना स्नानसंस्कार देणारा फादरच हे करतो, बिशपांची वाट पाहावी लागत नाही. त्या तेलाला सुगंध असतो. चटकन पुसू नका.

त्याच मिस्सेत पहिला ख्रिस्तप्रसाद. आधी एक तास पाणी-औषधाशिवाय काही खायचं नाही. 'ख्रिस्ताचे शरीर' म्हटलं की 'आमेन' म्हणून तिथेच, देणाऱ्यासमोर खायचं. हा देवळातला प्रसाद नव्हे. रुमालात बांधून घरच्या आजीसाठी नेण्याची चूक प्रेमापोटी होते, पण ती गंभीर आहे. आणि नव्याने स्नानसंस्कार घेणाऱ्याने त्याआधी पापांगीकार करायचा नसतो. पाण्यातच सगळी पापं धुतली जातात. पहिला पापांगीकार नंतर.

पुढचे ५० दिवस, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, शिकवणी चालूच असते आणि निम्मे लोक नेमके इथेच यायचे थांबतात. त्या आठवड्यांत एकदा कार्यालयात जाऊन नोंदवही पाहा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का ते बघा. पुढे लग्न ठरलं की दाखला याच नोंदीवरून, आणि तोही ताजा, मागतात.