टाकी फुल, तरी गाडी बंद पडते – माझा अनुभव

लक्षण असं की गाडी मस्त स्टार्ट व्हायची, पंधरा-वीस मिनिटं चालली की पॉवर उतरायची, गचके देत बंद. थोडं थांबलं की परत चालू. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला, काही फरक नाही. डोकं पार फिरलं होतं.

शेवटी जे चाललं ते असं: गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडलं, फुस्स करून हवा आत गेली आणि किक मारताच गाडी चालू. म्हणजे झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं, आत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन थंड झाल्यावर झाकण काढून टाकीपासून लांब नेलं, बारीक तारेने भोक मोकळं केलं, फुंकर मारून बघितलं, परत बसवलं.

आता खरं सांगायचं ते हे. माझ्या प्रार्थनेचं पण असंच झालेलं, रोज बायबल वाचन, रविवारी उपासना, टाकी फुल, पण आठवड्याच्या मध्यात मी बंद. बायबलमधल्या मत्तय 5:23-24 मध्ये क्रम स्पष्ट आहे, अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. मी क्रम उलटा धरला होता. मोठ्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. फोन लावला, आधी माझी चूक सांगितली, त्याची काढलीच नाही, मग गप्प बसून ऐकलं. तो म्हणाला, "अरे, जेवलास का?"

प्रार्थनेला त्यानंतर बसलो.