काळजी देवावर टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं?

"काळजी करू नकोस, देव पाहून घेईल," असं कुणी म्हटलं की आधीच घाबरलेल्या माणसाला अपराधी वाटू लागतं. आपला विश्वास कमी पडतोय की काय, ही नवीच चिंता मागे लागते. म्हणून आधी एक गोष्ट मनात पक्की करा: जीव कासावीस होणं म्हणजे अविश्वास नव्हे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि त्याने ते शिष्यांपासून लपवलं नाही. सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ख्रिस्ती समुदायांची, चिंता रोज मनावर असते, हे प्रेषित पौलानेही मोकळेपणी लिहिलं आहे (बायबल, 2 करिंथ 11:28).

काळजीचं नाव घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. "प्रभू, मला शांती दे" एवढ्यावर प्रार्थना थांबली तर मन त्याच जागी घुटमळत राहतं. त्याऐवजी वही घ्या आणि देवाला उद्देशून लिहा: "देवबापा, उद्या तपासणीचा रिपोर्ट येणार आहे. मला भीती वाटते." मग थोडं थांबा आणि पुढचं वाक्य लिहा. "काही वाईट निघालं तर मुलांना कसं सांगू?" पुष्कळदा खरी भीती या दुसऱ्या वाक्यात असते आणि तोवर ती आपल्यालाही कळलेली नसते.

सूर तक्रारीचा झाला तरी चालेल. स्तोत्र 13 मध्ये दावीद पहिल्या दोन वचनांतच देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? सहा वचनांचं हे छोटंसं स्तोत्र भरवशावर आणि गाण्यावर संपतं, पण तो आधी मन रितं करतो. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हेच स्तोत्र मोठ्याने वाचा.

मागा आणि आभार माना. फिलिप्पै 4:6 मध्ये पौल विनंतीसोबत आभारही मानायला सांगतो, आणि हे तो कैदेतून लिहितो आहे. संकटाबद्दल आभार मानायचे असा याचा अर्थ मी घेत नाही. आज मिळालेली एखादी खरी गोष्ट सांगा: कुणीतरी विचारपूस केली, दुपारी तासभर डोळा लागला.

पानाचे दोन भाग करा. एका बाजूला "आज मला करता येईल", दुसऱ्या बाजूला "माझ्या हातात नाही". डॉक्टरांची वेळ घेणं पहिल्या बाजूला, रिपोर्टमध्ये काय येईल ते दुसऱ्या. दुसरी बाजू देवाला वाचून दाखवा आणि "हे तुझ्या हाती देतो" किंवा "देते" असं स्पष्ट म्हणा. पहिल्या बाजूचं एक काम आमेन म्हटल्यावर लगेच उरका. मत्तय 6:34 मध्ये येशू आजचं दुःख आजच्यापुरतं म्हणतो. हात घालायचा तो आजच्या कामाला.

काळजी परत येईल, तेव्हा तीच प्रार्थना पुन्हा करा. ती येतेच, बहुधा रात्री. पहिली प्रार्थना वाया गेली असं मुळीच समजू नका. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केली (मत्तय 26:44). अशा वेळी लांबलचक शब्द नकोत. स्तोत्र 56:3 चा आशय श्वासाबरोबर म्हणा: श्वास घेताना "मला भीती वाटते तेव्हा", सोडताना "मी तुझ्यावर भरवसा ठेवतो". श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. त्याने धडधड कमी व्हायला मदत होते.

शरीराकडे आणि माणसांकडेही पाहा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग पुन्हा खायला उठवलं (1 राजे 19). तुम्हीही जेवण आणि झोप टाळू नका. मंडळीतल्या विश्वासू माणसाला किंवा पाळकांना सांगा, "माझ्यासोबत प्रार्थना कराल का?"

आणि काही आठवडे झोप, भूक किंवा काम बिघडलेलंच राहिलं, छातीत वारंवार धडधडू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना आणि औषध यांच्यात एकच निवडायचं असं काही नाही. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका. आत्ताच जवळच्या कुणाला तरी बोलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.