कमी मिळकतीत मोबाइल चालू ठेवताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत रोजंदारीवर जाणाऱ्या कामगाराला किंवा ताराबाई पार्कात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मोबाइल ही आता चैन राहिलेली नाही. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरची नोंदणी, आधारशी जोडलेली सरकारी योजनांची कामे आणि उद्या कामावर यायचे की नाही हे सांगणारा मुकादमाचा फोन हे सारे एकाच दहा आकडी क्रमांकावर येते. त्यामुळे रिचार्जला पैसे नाहीत म्हणून तो क्रमांक बंद पडला, तर केवळ बोलणे थांबत नाही, हक्काचे पैसेही अडकतात. हे टाळण्यासाठी काय करावे, कोणते नियम आपल्या बाजूने आहेत आणि पैसे नेमके कोठे गळतात, हे पुढे सांगितले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पॅकची किंमत पाहू नये, एका दिवसाचा खर्च काढावा. किंमतीला दिवसांच्या संख्येने भागले की तो मिळतो. २८ दिवसांचा पॅक हा महिन्याचा पॅक नव्हे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजेच असा पॅक घेणारा माणूस वर्षात १२ नव्हे, १३ वेळा पैसे भरतो. समजा, २८ दिवसांना १९६ रुपये, ८४ दिवसांना ५०४ रुपये आणि ३६५ दिवसांना १८२५ रुपये लागतात. हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, पण त्यांत दिवसाचा खर्च अनुक्रमे ७, ६ आणि ५ रुपये येतो, आणि वर्षाला पहिल्या माणसाचे २५४८ रुपये जातात तेव्हा तिसऱ्याचे १८२५ रुपयांत भागते. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्यालाच त्याच सेवेचे जास्त मोल द्यावे लागते, ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते. तिच्यावर माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला उपाय पेठांमधल्या भिशीचा आणि बचत गटांचा आहे. आपली पाळी येईल त्या महिन्यात भिशीच्या पैशातून आधी लांब मुदतीचे रिचार्ज करून टाकावे आणि मग उरलेली रक्कम इतर कामाला घ्यावी. मात्र ज्या कंपनीचे नेटवर्क आपल्या घरात नीट मिळते की नाही हे अजून पाहिलेले नाही, तिचा वर्षाचा पॅक घेऊ नये.

महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक पॅक ठेवणे बंधनकारक केले. दुकानदार तो आपणहून दाखवत नसेल तर मागून घ्यावा.

दुसरा प्रश्न डेटाचा. घरातल्या आजींकडे बटणांचा फोन असतो, त्यांना इंटरनेट लागत नाही, तरीही वर्षानुवर्षे त्यांच्या नावावर रोजचा एक-दीड जीबी डेटा विकला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमात दुरुस्ती केली आणि केवळ कॉल व एसएमएस देणारे, डेटा नसलेले पॅकही कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत असे ठरवले. त्याच दुरुस्तीने विशेष पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. हे पॅक ॲपमध्ये बहुधा पहिल्या पानावर नसतात, म्हणून दुकानात ‘डेटा नसलेला व्हॉइस पॅक द्या’ असे स्पष्ट म्हणावे. घरात तीन फोन असतील, तर एकावरच डेटाचा पॅक घेऊन त्याच्या हॉटस्पॉटवर मुलांचा अभ्यास करून घेता येतो आणि उरलेल्या दोन क्रमांकांवर व्हॉइस पॅक पुरतो. दहा रुपयांचा टॉपअप मात्र दिसतो तेवढा स्वस्त नसतो. १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा जाऊन त्यातून साधारण ७.४७ रुपयांचाच टॉकटाइम मिळतो. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या रकमेवरही हा कर वेगळा लागतो. पैसे भरण्याची काही ॲप रिचार्जवर एक-दोन रुपयांचे शुल्क लावतात, तेव्हा शेवटचे बटण दाबण्याआधी एकूण रक्कम वाचावी.

काम सुटले, गावी जावे लागले आणि रिचार्ज जमलेच नाही, तर काय होते? पॅक संपल्यावर सेवा टप्प्याटप्प्याने थांबते, पण ट्रायच्या नियमानुसार सलग ९० दिवस कोणताही वापर नसेल तरच वापराअभावी प्रीपेड क्रमांक बंद करता येतो. त्या वेळी शिलकीत २० रुपये असतील तर ते कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखला जातो, आणि बंद झाल्यावरही १५ दिवसांच्या आत तेवढीच रक्कम भरून तो पुन्हा मिळवता येतो. म्हणून ऊसतोडीच्या हंगामासाठी किंवा बाळंतपणासाठी माहेरी जाताना मुख्य खात्यात २० रुपये ठेवावेत. इतके करूनही क्रमांक गेलाच, तर बँकेतला आणि आधारवरचा क्रमांक लगेच बदलून घ्यावा. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपले ओटीपी परक्या माणसाच्या हातात पडतात.

कंपनी निवडताना दरापेक्षा आधी नेटवर्क पाहावे. राजारामपुरीत उत्तम चालणारे सिम गगनबावडा, राधानगरी किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ भागात मुके होते, आणि ज्यांचे गाव तिकडे आहे त्यांना शहरातल्या दुकानदाराच्या सल्ल्याचा उपयोग नसतो. ट्रायच्या निर्देशानुसार कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर सेवाक्षेत्राचे नकाशे ठेवले आहेत. ते पाहावेत आणि गावातल्या शेजाऱ्यालाही विचारावे. मला शेजाऱ्याचे उत्तर अधिक भरवशाचे वाटते, कारण नकाशा घराच्या आतली खोली दाखवत नाही. जुलै २०२४ मध्ये तीन मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा कित्येक जण क्रमांक घेऊन बीएसएनएलकडे वळले, पण तिकडेही हीच चाचणी आधी करावी.

क्रमांक न बदलता कंपनी बदलण्यासाठी इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’ (PORT) हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेले नसावे, या अटी आहेत. जुन्या प्रीपेड खात्यातली शिल्लक आणि उरलेला पॅक नव्या कंपनीकडे येत नाही, त्यामुळे पॅक संपत आल्यावरच अर्ज करावा. महाराष्ट्र-गोवा या एकाच परिमंडळात, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच विभागात, बदल असेल तर साधारण तीन कामाचे दिवस लागतात. निपाणीहून येऊन येथे स्थायिक झालेल्यांचा क्रमांक कर्नाटक परिमंडळातला असतो, तरी २०१५ पासून तोही कायम ठेवता येतो. त्याला कामाचे पाच दिवस धरावेत.

सिम स्वतःच्याच नावावर असावे, यावर मी विशेष भर देतो. नवऱ्याच्या, मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या नावावरचे सिम वापरणाऱ्या बायकांना भांडण झाले की क्रमांकच गमवावा लागतो, आणि त्याबरोबर बँक खात्याची किल्लीही जाते. आता सिम देताना जागेवरच डिजिटल केवायसी होते. त्या वेळी ‘पहिला फोटो नीट आला नाही’ असे सांगून प्रक्रिया पुन्हा केली गेली, तर एकाच आधारवर दुसरे सिम तर निघाले नाही ना, हे तपासावे. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते दिसते आणि जो आपला नाही तो तेथूनच कळवता येतो. आपल्या राज्यात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम असू शकतात. थोड्या पैशांसाठी आपल्या कागदावर दुसऱ्याला सिम काढून देणे तर कधीच करू नये, कारण त्यावरून फसवणूक झाली की पोलिस पहिल्यांदा आपल्याच दारी येतात.

वापरलेला फोन घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट आहे तो फोन बॅटरी बदलून दोन वर्षे अधिक चालवणे खिशालाही परवडते आणि कचराही कमी करते. जुना फोन घेताना *#०६# दाबून फोनची ओळख असलेला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक काढावा आणि तो संचार साथीवर तपासावा. चोरीचा किंवा बंद केलेला फोन असेल तर तेथे कळते. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपला फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन त्याच संकेतस्थळावरून तो बंद करता येतो.

शिल्लक आपोआप कापली जात असेल, तर कॉलर ट्यूनसारखी एखादी सेवा नकळत सुरू झालेली असते. ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही. ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे आणि जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९. फसवणुकीत पैसे गेले तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन करावा.

कापलेले पैसे परत हवे असतील, तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. रिचार्जचा संदेश पुसू नये, तारीख, रक्कम आणि तक्रार क्रमांक एका वहीत लिहावा आणि आयोगात जाताना ती वही बरोबर न्यावी.