मॅगेलन शिकवायला जाण्यापूर्वी

गेल्या वर्षी दाभोळच्या खाडीकाठच्या एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना मी मॅगेलन, म्हणजे स्पेनसाठी मसाल्याच्या बेटांच्या सफरीवर निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी, शिकवला आणि तो तास माझ्या हातून बिघडला. नकाशा होता, सनावळ्या पाठ होत्या, पाचही जहाजांची नावे फळ्यावर होती. तो मारला गेला ती फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावरची लढाई सांगून मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, तो गेल्याचं त्याच्या घरी कोणी सांगितलं?" तिचे वडील त्या दिवशी बोटीवर होते, त्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे असतात. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मॅगेलनच्या घरी कोण होते याची मी तयारीच केली नव्हती. यंदा हा पाठ घेणाऱ्यांनी निदान तेवढे तरी चुकवू नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

पृथ्वीगोल, खडू, दोरा हे सांगायला नको. दोरा मात्र दोन रंगांचा घ्यावा. २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या सान्लुकार बंदरातून निघालेली वाट मॅक्टनपर्यंत एका रंगाने आणि तेथून पुढे स्पेनपर्यंत दुसऱ्या रंगाने दाखवावी. म्हणजे मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली असे मुले लिहिणार नाहीत. ती पूर्ण केली 'व्हिक्टोरिया' या जहाजाने, कप्तान एल्कानोच्या हाताखाली, ६ सप्टेंबर १५२२ रोजी, अवघ्या अठरा माणसांनिशी.

आता मुख्य गोष्ट. माणसांच्या चिठ्ठ्या करून न्याव्यात. जाड पुठ्ठ्याच्या, मोठ्या अक्षरातल्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव आणि मॅगेलनशी असलेले नाते. पहिली चिठ्ठी बिअत्रिसची. सेव्हिलमध्ये १५१७ साली तिच्याशी त्याचे लग्न झाले आणि तो निघाला तेव्हा त्यांचा मुलगा रॉद्रिगो तान्हा होता. ही चिठ्ठी तासाच्या आरंभीच, जहाजे निघण्यापूर्वी, भिंतीवर लावावी आणि शेवटपर्यंत काढू नये. जहाज कुठेही असले तरी मधूनमधून त्या चिठ्ठीकडे परत यावे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधले, तेही तयार ठेवावे. ताफ्यातले 'सान आंतोनिओ' हे जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीतून पळून ६ मे १५२१ रोजी सेव्हिलला परतले. त्या आधी नऊ दिवस, २७ एप्रिलला, मॅगेलन मारला गेला होता. पण त्या जहाजावरच्यांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्यांनी आणल्या त्या केवळ त्याच्याविरुद्धच्या तक्रारी. परिणाम असा झाला की बिअत्रिसने पोर्तुगालला निघून जाऊ नये म्हणून तिच्यावरच पाळत बसली. त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन 'व्हिक्टोरिया' आले तेव्हा ती आणि मुलगा दोघेही हयात नव्हते. म्हणजे तिला कोणीच सांगितले नाही. हे उत्तर जड आहे, पण जेटीवर वाट पाहणे काय असते हे या मुलांना आपण शिकवावे लागत नाही, म्हणून ते गुळमुळीत करू नये. वर्गात कोणाच्या घरचे माणूस दर्यात मरण पावलेले असेल तर ते आधी वर्गशिक्षकांकडून विचारून घ्यावे. शक्य असल्यास हा तास १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात, शाळा सुरू होताच घ्यावा. वडील घरी असतात आणि मुले संध्याकाळी त्यांनाच प्रश्न विचारतात.

दुसरी चिठ्ठी एन्रिकेची. मलाक्का १५११ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकले, त्या सुमारास हा तरुण मॅगेलनच्या ताब्यात गुलाम म्हणून आला. त्याला "सेवक" म्हणू नये, मुलांना गुलाम हा शब्दच सांगावा. मृत्युपत्रात मॅगेलनने त्याला स्वातंत्र्य आणि दहा हजार मारावेदी (स्पेनची नाणी) लिहून दिले होते. धनी गेल्यावर मॅगेलनचा मेहुणा दुआर्ते बार्बोझाने त्याला बजावले की तू मोकळा झालेला नाहीस, स्पेनला पोचल्यावर बिअत्रिसच्या घरी चाकरी करायची आहे, असे सफरीवर असलेला पिगाफेटा लिहितो. पाहा, येथेही चिठ्ठी तिचीच लागते. पुढे मॅक्टनशेजारच्या सेबू बेटावरच्या मेजवानीत बार्बोझासह अनेक जण मारले गेले आणि त्याचा दोष पिगाफेटाने एन्रिकेवर ठेवला. एन्रिकेने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरी चिठ्ठी मित्राची, फ्रान्सिस्को सेर्रावची. तो मसाल्याच्या बेटांपैकी तेर्नातेला स्थायिक झाला होता आणि त्याच्या पत्रांमुळेच मॅगेलनचे मन त्या बेटांवर बसले. दोघेही १५२१ मध्ये मरण पावले, भेट न होता.

मॅक्टनचा सरदार लापुलापू याची चिठ्ठी शत्रू म्हणून लावू नये. मॅक्टनवर तो आपली भूमी राखत होता आणि फिलिपिन्समध्ये त्याला वीर मानतात.

आपल्या किनाऱ्याचा धागा जोडायला विसरू नये. मॅगेलन १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या ताफ्यातून हिंदुस्थानात आला. आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मार्च १५०८ मध्ये चौलला मारला गेला. सूडाला निघालेल्या बापाच्या आरमाराने त्या डिसेंबरच्या अखेरीस दाभोळ जाळले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवची लढाई जिंकली. त्या लढाईत मॅगेलन होता. दाभोळच्या मुलांना हे आपल्या गावच्या नावाने ऐकायला मिळाले पाहिजे. आपणच ते टाळून पुढे गेलो तर त्यांना कोण सांगणार?

प्रशांत महासागराच्या भागात वेळ जपून वापरावा. तीन महिने वीस दिवस ताजे अन्न नाही, किडलेल्या बिस्किटांचा भुगा, पिवळे पडलेले पाणी, समुद्रात भिजवून मऊ केलेले कातडे. एवढे सांगून आवळ्याची एकेक फोड हातावर द्यावी आणि 'क' जीवनसत्त्वाअभावी हिरड्या कशा सुजतात ते सांगावे. खलाशांनी उंदीर खाल्ल्याच्या गोष्टीत रमू नये, मी रमले आणि घरच्या माणसांसाठी वेळ उरला नाही.

वाटेत सान हुलियान बंदरात मॅगेलनविरुद्ध झालेले बंड दोन वाक्यांत. उजळणी फळ्यावरच. स्वाध्याय एकच: मॅगेलन निघताना बिअत्रिसने कोणते प्रश्न विचारले असतील ते लिहा.

चिठ्ठ्या आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवाव्यात, बिअत्रिसची सर्वांत वर.