करंट दिला तरी आकार परत येत नाही? शेप मेमरी पॉलिमरच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

शेप मेमरी पॉलिमर म्हणजे वाकवलेला आकार धरून ठेवणारं आणि तापवलं की मूळ आकारात परत येणारं प्लास्टिक. त्यात कार्बन मिसळला की वीज वाहते आणि करंटनेच ते तापतं. कार्बनवाल्या पीएलएची (थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक) पट्टी प्रिंट केली, तापवून वाकवली, सप्लाय जोडला आणि पट्टी जागची हलत नाही, की लगेच व्होल्टेज वाढवलं जातं. राजेहो, असं करू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, १००० ओहमच्या पट्टीला १२ व्होल्टवर ०.१४४ वॅट मिळतात, २४ वर थेट चौपट. आणि ती सगळी उष्णता पट्टीतच निघते असंही नाही. क्लिपपाशी नीट बघा, बरेचदा तिथलं प्लास्टिक मऊ होऊन क्लिपचे दात आत रुतलेले असतात आणि मधला भाग हाताला गार लागतो, म्हणजे दोष कॉन्टॅक्ट रेझिस्टन्सचा, क्लिप आणि पट्टीच्या जोडावरच्या रेझिस्टन्सचा आहे, बिचाऱ्या पॉलिमरचा नाही. टोकांना सिल्व्हर पेंट लावा, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर क्लिप. मल्टीमीटरच्या दोन प्रोबचा आकडाही खरा धरू नका, त्यात कॉन्टॅक्ट मिसळलेला असतो, चार प्रोबने मोजा, दोन करंट द्यायला आणि दोन वेगळे व्होल्टेज मोजायला.

सप्लाय कॉन्स्टंट करंटवर ठेवणं ही त्याहून घातक चूक, आणि याबद्दल कोणी फारसं सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पट्टी तापली की पॉलिमर फुगतं, कार्बनचे कण एकमेकांपासून लांब जातात, रेझिस्टन्स वाढतो. करंट तेवढाच राहिला तर वाढलेल्या रेझिस्टन्समुळे उष्णता अजून वाढते, त्याने रेझिस्टन्स अजून वाढतो, असं करत पट्टी जळून जाते. व्होल्टेज कायम ठेवलं तर रेझिस्टन्स वाढला की करंट आपोआप उतरतो. म्हणून कॉन्स्टंट व्होल्टेज, वर करंट लिमिट. काही कंपोझिट (पॉलिमर आणि कार्बनची मिश्रणं) उलटे पण वागतात, तापल्यावर त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो, तेव्हा आधी ओव्हनमध्ये हळूहळू तापवून रेझिस्टन्सचा ग्राफ काढाच.

कंडक्टिव्हिटी कमी वाटली की कार्बन ब्लॅक (कार्बनची बारीक काळी पूड) ओतत सुटू नका. कणांचं जाळं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळलं की पुढे फायदा थोडाच होतो, पट्टी मात्र ठिसूळ होते आणि आकार अर्धवटच परत येतो. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) लांबट असतात, त्यामुळे नीट पसरल्या तर १ टक्क्याच्या आतही काम भागतं, गुठळ्या राहिल्या तर नाही.

आता आपल्या नागपूरचं. पीएलएचं ट्रान्झिशन, म्हणजे ज्या तापमानाला ते मऊ होतं ते, ६० अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर असताना बंद कारमध्ये सॅम्पल ठेवलं तर ते करंटविनाच सरळ होणार. रूममधला कूलर पण त्रास देतो, हवेचा झोत पट्टीची उष्णता पळवतो आणि पॉलियुरेथेनवाली पट्टी असेल तर ती दमट हवेतलं पाणी शोषते, पाण्याने तिचं ट्रान्झिशन तापमान खाली येतं. मग सकाळी वेगळं रीडिंग, दुपारी वेगळं, अन् पोट्टे म्हणतात मटेरियलच खराब आहे. कूलरपासून दूर टेस्ट करा, सॅम्पल सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

वाकवताना घाई नको. ट्रान्झिशनच्या वर तापवा, वाकवा, तसंच दाबून धरून पूर्ण थंड करा, मगच सोडा. थंडच वाकवली तर आतलं कार्बनचं जाळं तुटतं, म्हणून वाकवण्याआधी आणि नंतर रेझिस्टन्स लिहून ठेवा, एकदम उडी मारली असेल तर ती पट्टी बाद. तापमान बघायला आयआर गन (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) वापरत असाल तर काळ्या भागावर मारा, चकाकणाऱ्या सिल्व्हर पेंटवर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते.